दगडावरचं शेत, भट्टीतली राख आणि खिडकीतला स्प्रे : केल्पची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि चहाचे घोट आले ते काढलेत, बाकी जसंच्या तसं.)

कानात इअरफोन आहेत ना? लोकलमध्ये असाल तर दारापासून जरा आत या, आणि घरी असाल तर खिडकीतल्या कुंडीकडे एक नजर टाका. आजची गोष्ट त्या कुंडीशीच येऊन थांबणार आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. भाड्याचा फ्लॅट, पश्चिमेची खिडकी, तीन कुंड्या. एकीत तुळस, एकीत पुदिना आणि एकीत मिरची. मिरचीची पानं पिवळट पडायला लागली. मोबाईलवर शोधलं, आणि तासाभरात जाहिराती माझ्या मागे लागल्या. ‘समुद्री शेवाळाचा अर्क, शंभर टक्के सेंद्रिय, पानांवर फवारा आणि चमत्कार बघा.’ बाटली मागवली. झाकणावर लिहिलं होतं, एका लिटरला दोन मिली. मी म्हटलं, सेंद्रियच आहे, जास्त घातलं तर काय बिघडतंय? चांगले दोन चमचे ओतले आणि भर दुपारी उन्हात फवारले. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत. चमत्कार झाला खरा, पण उलटा.

आई फोनवर म्हणाली, “अरे, कढीपत्त्याला आपण आंबट ताक घालतो, ते तरी कधी तांब्याभर ओतलंय का?” मुद्दा बरोबर होता. पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न अडकला. समुद्रातलं शेवाळ झाडाच्या पानावर फवारायचं, हे मुळात सुचलं कुणाला? त्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर वाटेत दंगल भेटली, महायुद्ध भेटलं, बॉम्बला लागणारी दारू भेटली, आणि उपाशी राहिलेली बेटंही भेटली. तीच गोष्ट आज.

आधी नावाचा घोळ

केल्प म्हणजे काय? समुद्रातली मोठी, तपकिरी, चामड्याच्या पट्ट्यासारखी दिसणारी शैवालं. ती दिसतात झाडासारखी, पण शास्त्राच्या हिशेबात वनस्पती नाहीत. त्यांना मूळ नसतं. खडकाला धरून ठेवणारा एक पंजा असतो फक्त. अन्न पाण्यातून थेट अंगानेच शोषून घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं राक्षसी केल्प तर परिस्थिती चांगली असेल तेव्हा दिवसाला अर्धा मीटर वाढतं. आज सकाळी गुडघ्याएवढं, उद्या कमरेएवढं.

आणि एक गंमत. ‘केल्प’ हा शब्द जुन्या काळी स्कॉटलंडमध्ये शेवाळापेक्षा शेवाळाच्या राखेसाठी जास्त वापरला जायचा. शेवाळ जाळून जी कडक, निळसर-काळी ढेप उरायची, ती केल्प. का जाळायचे? थांबा, येतोच तिकडे.

आपल्या कोकणच्या किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर केल्प उगवत नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो. त्याला थंड समुद्र लागतो. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर दिसतं ते सरगॅसम, उल्वा वगैरे, वेगळं कुटुंब. त्यामुळे ‘कोकणातलं अस्सल केल्प’ असं कुणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

पहिला अंक : जिथे माती नव्हती

रोमन कवींना शेवाळ म्हणजे कवडीमोल वस्तू वाटायची. एखादी गोष्ट किती टाकाऊ आहे हे सांगायचं, तर किनाऱ्यावर फेकलेल्या शेवाळाची उपमा. पण त्याच रोमन जगात, पहिल्या शतकात, कोलुमेल्ला नावाचा शेतीवर लिहिणारा लेखक कोबीची रोपं लावताना मुळांभोवती शेवाळ गुंडाळायला सांगत होता. कवी आणि शेतकरी यांचं एका वस्तूबद्दलचं मत किती वेगळं असू शकतं बघा.

आता आयर्लंडच्या पश्चिमेला चला. अरान बेटं. इथे जमीन म्हणजे चुनखडीचा सपाट कातळ. आपल्या कोकणातला सडा आठवा, फक्त करड्या रंगाचा आणि अटलांटिकचा वारा झोडपणारा. माती नाहीच. मग लोकांनी काय केलं? माती बनवली. कातळाच्या भेगा दगडांनी बुजवायच्या, त्यावर वाळूचा थर, त्यावर शेवाळाचा थर, पुन्हा वाळू, पुन्हा शेवाळ, सापडेल तिथून खरवडून आणलेली मूठमूठ माती. पाठीवर टोपल्या घेऊन, निसरड्या खडकांवरून, वर्षानुवर्षं. त्या थरांत बटाटे लावायचे. १९३४ साली रॉबर्ट फ्लाहर्टीने ‘मॅन ऑफ अरान’ हा सिनेमा केला, त्यात हे काम पडद्यावर बघायला मिळतं. सिनेमातलं बरंच काही कॅमेऱ्यासाठी मुद्दाम घडवून आणलेलं होतं, पण शेवाळाची शेतं मात्र खरीच.

इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर शेवाळाला ‘व्रॅक’ असं खास नाव होतं. कोणत्या मोसमात कापायचं, याचे नियम होते. घोडागाड्या ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरायच्या आणि व्रॅक भरून शेतात जायच्या. तिथले प्रसिद्ध बटाटे पिढ्यान्‌पिढ्या या खतावर पोसले.

यात आपल्याला ओळखीचं काय वाटतं? समुद्राकाठचा माणूस समुद्र शेतात आणतोच. आपल्याकडे कोकणात मासे धुतलेलं पाणी माडाच्या बुंध्याशी ओततात, वाया गेलेली मासळी आळ्यात पुरतात. कुणी पुस्तकात वाचून नाही हे केलं. घरात पैसा नव्हता आणि समुद्र दारात होता.

तर पहिल्या अंकात शेवाळ होतं सगळ्यांचं. ओहोटी लागली की टोपली घ्या आणि जा. दुसऱ्या अंकात ते कुणाचं तरी एकट्याचं झालं.

दुसरा अंक : धूर

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या स्ट्रॉन्से बेटावर १७२२ साली जेम्स फी नावाच्या जमीनदाराने एक नवा धंदा आणला. शेवाळ वाळवायचं, दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात तासन्‌तास जाळायचं, वितळलेली राख लांब लोखंडी दांड्याने घोटायची, थंड झाली की फोडून जहाजात भरायची. या राखेत सोडा आणि पोटॅश असतं. काच बनवायला ते लागतं, साबण बनवायलाही लागतं. इंग्लंडातले कारखाने ते विकत घ्यायला तयार होते.

एक टन केल्प, म्हणजे राख, मिळवायला साधारण वीस टनांहून जास्त ओलं शेवाळ लागायचं. ते कापायचं कंबरभर थंडगार पाण्यात उभं राहून, विळ्याने. स्त्रिया, मुलं, सगळे कामाला.

लोक खूश होते का? अजिबात नाही. १७४२ साली स्ट्रॉन्सेवर दंगा झाला. बेटकऱ्यांचं म्हणणं होतं की या धुराने मासे पळतात, खडकावरच्या कालव्या मरतात, गुरं आजारी पडतात, पीक जळतं. त्यातलं किती खरं आणि किती भीती, हा वाद बाजूला ठेवू. पण त्यांच्या रागामागे एक साधा हिशेब होता. जे शेवाळ काल शेतात जात होतं, ते आज भट्टीत जातंय. आणि राखेने बटाटा पिकत नाही.

धंदा मात्र थांबला नाही. उलट नेपोलियनच्या युद्धांच्या काळात त्याचं सोनं झालं. त्याआधी ब्रिटनमध्ये स्पेनहून ‘बॅरिला’ नावाची झुडपांची राख यायची, ती सोड्याला उत्तम. युद्धामुळे तो माल अडला. केल्पचा भाव चढत चढत टनाला वीस पौंडांच्या आसपास गेला. भट्टीवर राबणाऱ्या कुटुंबाला त्यातले दोन-तीन पौंड मिळायचे. बाकीचे जमीनदाराकडे. आणि कुळांनी ते शेवाळ आपल्या शेतात वापरायचं नाही, अशी बंदीही ठिकठिकाणी. किनारा मालकाचा, तर शेवाळही मालकाचं.

ऐका, इथे गोष्ट जास्त कडू होते. हायलँड्स आणि पश्चिमेच्या बेटांवरचे लोक कंटाळून अमेरिका-कॅनडाला निघायला लागले. जमीनदार घाबरले, कारण मजूर गेले तर शेवाळ कोण कापणार? १८०३ मध्ये ब्रिटिश संसदेने प्रवासी जहाजांचा एक कायदा केला. कागदावर हेतू चांगला, प्रवाशांची कोंबाकोंबी थांबवायची, अन्नपाण्याची सोय करायची. पण परिणाम असा की तिकीट चांगलंच महाग झालं आणि गरिबाला जाणं परवडेना. या कायद्यासाठी जोर लावणाऱ्यांत केल्पवाले जमीनदार होते, हे इतिहासकार आवर्जून सांगतात.

लोकांना किनाऱ्याजवळ जमिनीचे इतके लहान तुकडे दिले गेले, की नुसत्या शेतीवर पोट भरूच नये. म्हणजे भट्टीवर यावंच लागेल.

मग १८१५ ला युद्ध संपलं. स्पेनचा माल परत आला. १८२० च्या दशकात त्याच्यावरचा कर उतरला, मिठावरचा करही गेला. तिकडे निकोलस लब्लांक या फ्रेंच माणसाने १७९१ मध्येच मिठापासून सोडा करण्याची रीत काढलेली होती, तिचे कारखाने आता ब्रिटनमध्ये उभे राहिले. केल्पचा भाव कोसळला. आणि ज्यांना कालपर्यंत जाऊ देत नव्हते, तीच माणसं आता जमीनदारांना ‘जास्त’ वाटायला लागली. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी करायची होती. ज्या हातांनी दार लावलं होतं, त्याच हातांनी लोकांना बाहेर ढकललं. जे उरले, त्यांच्या बटाट्यावर १८४६ साली रोग पडला. लहान तुकडा, एकच पीक, जोडधंदा बुडालेला. पुढचं सांगायला नको.

ऑर्कनीच्या उत्तर टोकाला नॉर्थ रोनाल्डसे नावाचं छोटं बेट आहे. तिथे १८३२ मध्ये सगळ्या बेटाभोवती दगडी बांध घातला, मेंढ्यांना शेतातून बाहेर, किनाऱ्यावर ठेवण्यासाठी. केल्पचा धंदा बुडाल्यावर किनारा तसाही रिकामाच होता. त्या मेंढ्या शेवाळ खायला शिकल्या, आणि त्यांचे वंशज आजही प्रामुख्याने शेवाळच खातात. ओहोटी लागली की सगळा कळप खडकांवर.

तिसरा अंक : जांभळी वाफ आणि बंदुकीची दारू

आता जरा वेग पकडू. १८११, फ्रान्स. बर्नार कुर्त्वा नावाचा माणूस नेपोलियनच्या सैन्यासाठी बंदुकीच्या दारूतला सोरा बनवत होता. त्यासाठी शेवाळाची राख वापरायचा. एकदा भांडी साफ करताना गंधकाचं आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळी वाफ उठली. थंड होऊन तिचे काळपट चमकदार स्फटिक झाले. ते होतं आयोडीन. दवाखान्यात जखमेवर लावतात ते, आपल्या मिठात असतं ते. शेवाळातून सापडलं.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने शेवाळातून एक चिकट पदार्थ वेगळा केला, अल्जिन. आज तो आइस्क्रीममध्ये असतो, आणि दाताचा डॉक्टर तुमच्या दाताचं माप घेतो त्या गुलाबी लगद्यातही.

मग पहिलं महायुद्ध. जगाचं पोटॅश मुख्यतः जर्मनीच्या खाणींतून यायचं. युद्ध लागलं, अमेरिकेला खत मिळेना. शिवाय ब्रिटनला कॉर्डाइट नावाच्या दारूसाठी अॅसिटोन हवं होतं. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ चुला व्हिस्टा इथे हर्क्युलिस पावडर कंपनीने भलामोठा कारखाना टाकला. समुद्रात गवत कापायच्या मशिनसारख्या बोटी फिरायच्या, पाण्याखालचं केल्प कापून आणायच्या, आणि मोठाल्या टाक्यांत ते आंबवलं जायचं. त्यातून अॅसिटोन आणि पोटॅश. युद्ध संपलं, गरज संपली, कारखाना बंद. वास मात्र आसपासच्या लोकांच्या बराच काळ लक्षात राहिला असणार!

पॅटर्न लक्षात आला का? युद्ध आलं की शेवाळ महाग, युद्ध गेलं की टाकाऊ.

चौथा अंक : बाटली

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला ज्यूटचा तुटवडा होता. शेवाळातून धागा निघतो का, यावर काम चालू होतं. त्यात रेजिनाल्ड मिल्टन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. धागा काही कामाचा निघाला नाही, पण मिल्टन यांनी एक वेगळीच गोष्ट साधली. शेवाळ अल्कली घालून, उष्णता आणि दाब देऊन त्यांनी द्रवरूप केलं. वीस टन शेवाळ गाडीतून वाहण्याऐवजी बाटलीतून नेता येईल असं खत. १९४९ च्या सुमारास ते जमलं. त्याचा धंदा उभा केला डब्ल्यू. ए. स्टीफन्सन यांनी, मॅक्सिक्रॉप या नावाने. त्यांनी १९६८ मध्ये शेती-बागायतीतल्या शेवाळावर पुस्तकही लिहिलं, आणि सेंद्रिय बागकाम करणाऱ्यांत ते खूप वाचलं गेलं.

पण बाटलीतलं पाणी पानावर का फवारायचं? खत मुळाला घालतात ना?

हा प्रश्नही जुना. १८४३-४४ च्या सुमारास फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या वेलींच्या पानांवर लोहाच्या क्षारांचं पाणी लावून पाहिलं. जिथे लावलं तिथे पान हिरवं झालं. म्हणजे पानही थोडंफार खातं. पण किती, आणि खाल्लेलं जातं कुठे? याचं उत्तर मिळायला अणुयुग यावं लागलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन स्टेटमध्ये ट्युकी आणि विटवर या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी फॉस्फरस आणि पोटॅशियम पानांवर लावलं, आणि मग गायगर काउंटर घेऊन झाडभर शोधलं. ते पानातून खोडात, खोडातून मुळापर्यंत गेलेलं सापडलं. झाडाच्या आत जणू लोकेशन ट्रॅकिंग!

आता प्रामाणिक भाग. शेवाळाच्या अर्कात नेमकं असतं काय? जाहिरातीत लिहितात, ‘साठ-सत्तर अन्नद्रव्यं’. असतात, पण चिमूटभर. वाळलेल्या शेवाळात नत्र साधारण एक टक्का, स्फुरद त्याहून खूप कमी, पालाश दोनएक टक्के. आणि आपण ते पाण्यात शेकडो पटीने पातळ करून फवारतो. म्हणजे झाडाचं जेवण म्हणून याची किंमत जवळपास शून्य. माझ्या मिरचीला नत्र हवं होतं, आणि मी तिला अत्तर लावत बसलो होतो.

मग शेतकरी वापरतात का? कारण यात अन्नाशिवाय दुसरं काही आहे. गुंतागुंतीच्या शर्करा, मॅनिटॉल, बिटेन, आणि झाडाच्या वाढीवर परिणाम करणारे सायटोकायनिनसारखे संप्रेरक. अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठात सेन यांनी आणि इंग्लंडात पोर्ट्समथला ब्लंडन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. पुढे २०१३ च्या एका संशोधनात अजून रंजक गोष्ट दिसली. अर्कात संप्रेरकं इतकी कमी आहेत की परिणाम त्यांचा एकट्यांचा असू शकत नाही. अर्क लागला की झाड स्वतःच आपली संप्रेरकं वेगळ्या प्रमाणात बनवायला लागतं. म्हणजे हा बाहेरून दिलेला घास नाही, पाठीवरची थाप आहे. आणि थाप उपाशी माणसाला देऊन उपयोग नसतो. आधी मातीत कंपोस्ट, मग पानावर शेवाळ.

आपले शेतकरी याला ‘टॉनिक’ म्हणतात, तो शब्द किती अचूक आहे बघा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या यादीत हे टॉनिक असतंच. टॉनिक जेवणाच्या जागी चालत नाही, हे बागायतदाराला ठाऊक असतं. आपल्यासारख्या खिडकीतल्या शेतकऱ्याला ते शिकावं लागतं.

आणि आपल्याकडे

भारतात याची गोष्ट भावनगरला आणि तमिळनाडूत घडली. भावनगरला १९५४ पासून केंद्र सरकारची मीठ आणि सागरी रसायनांवरची संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कप्पाफायकस नावाच्या लाल शैवालावर काम केलं. हे केल्प नाही बरं का. हे मूळचं फिलिपिन्सकडचं, गरम पाण्यात वाढणारं. ताजं शैवाल चिरडून रस काढायचा, तो फवारणीला वापरायचा, आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ काढायचा. या पद्धतीला अमेरिकन पेटंटही मिळालं. इफ्कोचं ‘सागरिका’ हे याच संस्थेच्या तंत्रातून आलेलं.

त्याची शेती रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपमच्या किनाऱ्यावर रुजली. बांबूच्या तराफ्यांना बियाण्याचे तुकडे बांधायचे, साधारण दीड महिन्यात काढायचं. या कामात बायकांचा वाटा मोठा. त्याच भागात पिढ्यान्‌पिढ्या रानटी शैवाल बुडी मारून गोळा करणाऱ्या बायका आहेत, बोटांना चिंध्या गुंडाळून, कातळावर हात कापून घेत. मन्नारच्या आखातातली बेटं १९८६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली आणि त्यांची पिढीजात जागा एकदम मनाई हुकुमाखाली आली. त्या बायकांनी आपणहून महिन्यातले ठरावीक दिवसच शैवाल काढायचं ठरवलं, म्हणजे ते परत वाढेल. निसर्ग वाचवायचं शहाणपण त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २००८ मध्ये कुरुसडाई बेटाजवळ हे परदेशी कप्पाफायकस जिवंत प्रवाळावर चढून ते झाकून टाकतंय, असं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. म्हणजे ‘सेंद्रिय’ हा शब्द लिहिला म्हणून सगळे प्रश्न सुटत नाहीत. कुठे वाढवलं, कुणी काढलं, किती पैसे मिळाले, हे स्ट्रॉन्सेवर १७४२ मध्ये विचारलेले प्रश्न आजही तसेच उभे आहेत.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात बदल करून अशा टॉनिकांना ‘बायोस्टिम्युलंट’ म्हणून कायद्याच्या चौकटीत आणलं. तोपर्यंत बाटलीत काय आहे हे विचारायला नीट दारच नव्हतं.

घरी करायचं तर

आता तुम्ही म्हणाल, इतिहास पुरे, रीत सांग. सांगतो.

सुकं केल्प घ्या. जपानी स्वयंपाकात वापरतात ते कोंबू म्हणजे केल्पच, मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन मिळतं. बिनमसाल्याचं, बिनमिठाचं हवं. किनाऱ्यावर जाऊन खडकावरचं शेवाळ खरवडू नका. मालवणचा किनारा तर सागरी अभयारण्य आहे, आणि खिडकीतल्या दोन कुंड्यांसाठी माशांचं घर मोडायचं कारण नाही.

दहा ग्रॅम केल्प नळाखाली पटकन धुवा, वरचं मीठ जाऊ दे. कात्रीने बारीक कापा. एक लिटर पाण्यात घालून झाकून ठेवा, एक दिवस आणि एक रात्र, शक्यतो फ्रीजमध्ये. (घरच्यांना आधी सांगा. माझ्याकडे पाहुण्याने ते सरबत समजून ग्लासात ओतलं होतं.) मग जुन्या सुती कापडातून गाळा, दोनदा. नाहीतर स्प्रेची तोटी तुंबते. हा झाला अर्क. एक भाग अर्क आणि नऊ भाग साधं पाणी, एवढं पातळ करा. एक-दोन दिवसांत संपवा. उरलेला चोथा कुंडीच्या मातीत मिसळा, अरानवाल्यांची आठवण काढून.

फवारायचं सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी. थेंब पानावर जितका वेळ ओला राहील तितकं पान जास्त घेतं. दुपारी पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, माझ्या मिरचीच्या कडा त्यानेच जळल्या. पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा. पण रात्रभर पानं ओली ठेवू नका, बंद खोलीत बुरशी धरते. खिडकी उघडी असू द्या. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दोन दिवस वाट बघा. लव असलेल्या पानांना, म्हणजे आफ्रिकन व्हायोलेटसारख्यांना, फवारणी नकोच. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. आणि खायची पानं असतील तर धुऊन खा.

काही जण बादलीत दोन-तीन आठवडे आंबवतात. तेही चालतं, पण झाकण सैल ठेवा, आत वायू साठतो. आणि ते पातळ करून मातीतच घाला. फ्लॅटमध्ये पानांवर फवारलंत, तर चुला व्हिस्टाचा वास नेमका कसा होता ते सगळ्या मजल्याला कळेल.

माझ्या मिरचीचं काय झालं? जळलेली पानं काढली, कुंडीत दोन मुठी गांडूळखत घातलं, महिनाभर फवारणी बंद. नवी पालवी आली तेव्हा हा पातळ अर्क मारला. आता सात मिरच्या आहेत. त्यातलं श्रेय गांडुळाचं किती आणि केल्पचं किती, मला सांगता येणार नाही. बाजूला न फवारलेलं दुसरं रोप ठेवलं असतं तर सांगता आलं असतं. तुम्ही ठेवा. दोन सारखी रोपं, एकाला साधं पाणी, एकाला अर्क, बाकी सगळं सारखं, आणि दर रविवारी एक फोटो. ट्युकी-विटवरकडे गायगर काउंटर होता, आपल्याकडे मोबाईलचा कॅमेरा आहे.

पण स्प्रे हातात घ्याल तेव्हा एक क्षण थांबा. हेच शेवाळ एकेकाळी कुणाच्या तरी पाठीवरच्या टोपलीतून दगडावर येत होतं आणि त्यातून माती होत होती. मग ते त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं आणि जाळलं गेलं. आज ते दहा ग्रॅम होऊन तुमच्या ओट्यावर भिजतंय. त्यातलं एक पानही वाया घालवू नका, एवढंच.

तुमच्या घरी झाडाला काय घालतात? ताक, तांदळाचं पाणी, माशाचं पाणी, चहाचा चोथा? खाली लिहून कळवा. आजीला विचारून लिहिलंत तर अजून छान. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत मिरचीला पाणी घाला, पण मोजून!